तोंडघशी

बाईंच्या चेहऱ्यावर त्याचंच चित्र उमटलं होतं. कपाळावरून निघून दोन्ही गालांच्या हाडांवरून खाली आलेली, हनुवटीकडे उघडी राहिलेली, घोड्याच्या नालेसारखी काळपट पट्टी. कडेनं खपली धरलेली, मध्ये अजून ओली. ही नाल त्यानं गेल्या अकरा वर्षांत कागदावर, संगणकाच्या पडद्यावर, जेवणाच्या टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोटानं, किती वेळा काढली असेल याची गणती नव्हती. पाठीच्या कण्याचं ऑपरेशन करताना माणसाला पालथं झोपवतात, आणि भूल दिलेल्या माणसाचं डोकं तासन्‌तास कशावर तरी टेकवून ठेवावं लागतं. ते ज्यावर टेकवतात ते बनवणं हा त्याचा धंदा. खाली स्टीलची चौकट, तिच्यावर वरखाली होणारे दोन हात, हातांवर नालेच्या आकाराचा स्पंज, हात आवळायला दोन बाजूंना दोन चकत्या, आणि सगळ्यांत खाली एक आरसा, डोळे मोकळे आहेत ना हे डॉक्टरांना वाकून बघता यावं म्हणून. दवाखान्यांतून त्याला सगळे ‘उशीवाले’ म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. त्या दिवशी तो बाईंच्या पलंगापाशी उभा राहिला, त्यानं तो चेहरा पाहिला, आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा: डावी बाजू झकास बसलीय.

मग किळस आली. बाईंची नव्हे, असं त्यानं नंतर स्वतःला पुष्कळदा बजावलं, पण ते काही पूर्ण खरं नव्हतं. खपलीच्या कडेचा पिवळट ओलावा, त्यावरच्या मलमाची चमक, सुजलेल्या उजव्या पापणीच्या फटीतून दिसणारं विझलेलं बुबुळ, या सगळ्यानं त्याच्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं. आणि त्याच वेळी त्याची नजर, सवयीनं, मापं घेत होती. उजवीकडची पट्टी हाडावर राहिलेली नव्हती. ती आत सरकून सरळ डोळ्याच्या खोबणीत उतरली होती. सहा-सात मिलिमीटर. म्हणजे उजवा हात हळूहळू खाली बसला, डोकं त्या बाजूला कललं, आणि ऑपरेशनच्या साडेसहा तासांतले शेवटचे कितीतरी तास स्पंजची कड डोळ्यावर दाबून राहिली. डोळ्याचा रक्तपुरवठा थांबून नजर जायला त्याच्या निम्मा वेळही पुरतो. हे सगळं त्याला दोन श्वासांत कळलं. बोलत होता तो त्याच्या शेजारचा, कारखान्याची विक्री बघणारा साहेब. त्याच्या हातात फुलं होती आणि ती कुठं ठेवावीत हे त्याला सुचत नव्हतं. तो म्हणत होता की झालं ते फार वाईट झालं, पण आपल्या पुस्तिकेत दर पंधरा मिनिटांनी आरशात बघा असं ठळक अक्षरांत छापलेलं आहे, आता कुणी बघितलंच नाही तर काय करणार. बाईंनी मान वळवून डावा डोळा त्याच्यावर लावला. त्या मोटार चालवायला शिकवत. वीस वर्षं दुसऱ्यांच्या शेजारी बसून, पायाखाली जादाचा ब्रेक घेऊन.

“मी जन्मभर लोकांना हेच सांगत आलेय,” त्या म्हणाल्या. “आरशात बघा. एक मेला बघत नाही.”

आणि हसल्या. हसताना गालावरची खपली तडकली, एक लालसर थेंब बाहेर आला आणि ओठाच्या कोपऱ्याशी येऊन थांबला. विक्रीसाहेबानं फुलं पलंगाच्या पायथ्याशी ठेवून दिली.

दवाखान्यातल्या हात धुण्याच्या जागेत त्यानं तीनदा साबण लावला. तरी बोटांना स्पंजचा वास येत राहिला. नव्या चपलांचा आणि नासलेल्या दुधाचा मिळून यावा तसा. हा वास त्याला इतकी वर्षं कधी आलाच नव्हता. आता तो येतोय म्हटल्यावर त्याच्या मागून दुसरे वास निघाले, थेट बापाच्या दुकानापर्यंतचे. बाप केस कापायचा. शाळा सुटली की त्यानं दुकान झाडायचं, असा नियम होता. ओले केस पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिकटत, घासूनही निघत नसत. म्हाताऱ्यांच्या मानांवरच्या वळ्या, कानांतले पुंजके, साबणाच्या फेसात मिसळलेला मळ. बाप मात्र प्रत्येक डोकं असं हातात घ्यायचा की जणू आताच कुणी ते त्याच्या हवाली करून बाहेरगावी गेलंय. डोकं हातात घेतलं की भलाभला गप्प होतो, बाप सांगायचा, म्हणून आपण त्याच्याहून जास्त गप्प असावं. मुलाला ते ऐकूनही शिसारी यायची. त्यानं ठरवलं की आपण असं काही करायचं ज्यात माणसाचं अंग येणार नाही. मग तो शिकला, यंत्रांची चित्रं काढू लागला, आणि शेवटी नशिबानं त्याच्या वाट्याला डोकीच आली. पण कशी, तर स्वच्छ. कागदावरची, लंबगोल, बिनकेसांची, बिनघामाची, साडेचार ते पाच किलो. बापाच्या दुकानातून तो उठला खरा, पण गिऱ्हाइकं तीच राहिली, फक्त त्यानं त्यांचे चेहरे पुसून टाकले होते.

आणि चकती. चकतीचा विचार तो तीन दिवस टाळत होता. चौथ्या दिवशी टाळता येईना. पहिल्या उशीच्या चकतीला दाते होते. आवळताना कट्‌ कट्‌ असा आवाज व्हायचा आणि हात एकेका दात्यावर पक्का बसायचा, बैलानं ओढला तरी हलायचा नाही. पण सर्जन लोकांना तो आवाज खुपायचा. शिवाय दोन दात्यांच्या मधली उंची हवी असली तर मिळायची नाही. दुसऱ्या एका कारखान्यानं बिनआवाजाची, लोण्यासारखी फिरणारी चकती काढली आणि विक्रीसाहेब रोज येऊन त्याच्या टेबलावर बसायला लागला. तेव्हा त्यानंही दाते काढून टाकले आणि नुसत्या घर्षणावर धरणारी चकती केली. कारखान्यात लेथ चालवणारे काका, ज्यांनी त्याचा प्रत्येक नमुना स्वतःच्या हातानं कातलेला होता, ते त्या दिवशी एवढंच म्हणाले होते की साहेब, गुळगुळीत वस्तूचा भरवसा नसतो. त्यानं हसून घेतलं होतं. चाचणी झाली: वाळू भरलेलं रबरी डोकं, कोरडा स्पंज, चार तास. डोकं दोन मिलिमीटर खाली आलं. दोन मिलिमीटर म्हणजे काही नव्हे. सहा तास ठेवलं तर? स्पंज ओला असला तर? ऑपरेशनात तो ओला होतोच. लाळ, आसवं, औषधं, काय काय गळत असतं. हे प्रश्न त्याला पडले होते, हे त्याला स्वच्छ आठवत होतं. त्या दिवशी शुक्रवार होता, आणि बायकोनं सिनेमाची तिकिटं काढली होती. त्यानं अहवालात ‘समाधानकारक’ असं लिहून सही केली. सिनेमा कुठला होता हे आता आठवत नव्हतं. दोघंही मध्येच उठून आली होती, एवढंच.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बायको आडवी झाली. ती नेहमीच पालथी झोपायची, गाल उशीत रुतवून, तोंड अर्धवट उघडं ठेवून. लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत त्यात काहीच नवं नव्हतं. त्या दुपारी तो खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिला. तिचा गाल उशीवर पसरून चपटा झाला होता, एक डोळा दाबला जाऊन त्याला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, आणि ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर एक ओला डाग हळूहळू मोठा होत होता. सव्वीस वर्षं ज्या चेहऱ्याजवळ तो निर्धास्त झोपला तो त्याला एकाएकी मांसाचा वाटू लागला. हाडावर टाकलेलं, वजनानं जिकडं जाईल तिकडं जाणारं मांस. त्याला स्वतःचा तिटकारा आला आणि तरी त्याची नजर हटेना. किती वेळ झाला असेल? वीस मिनिटं? त्यानं उठून तिच्या खांद्याखाली हात घातला आणि तिला उताणी केली. ती दचकून जागी झाली. थोड्या वेळानं ती पुन्हा पालथी वळली. त्यानं पुन्हा तिला उताणी केली.

“अहो, मी जिवंत आहे,” ती म्हणाली. “झोपलेय नुसती.”

मग ती उठून बसली आणि त्याला काय झालंय ते विचारू लागली. त्यानं तिला बाईंच्या डोळ्याचं सांगितलं, विक्रीसाहेबाचं सांगितलं. चकतीचं सांगितलं नाही. तिनं गालावरची लाळ पदरानं पुसली आणि विचारलं की मग यात तुमचा काय दोष. हा प्रश्न त्याला इतका हवा होता, की तो ऐकल्याबरोबर तो उठून खोलीबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मालकीणबाईंनी बोलावलं. मोठी शांत बाई. नवरा गेल्यावर सगळा व्याप तिनं एकटीनं ओढला होता आणि एकदाही आवाज चढवला नव्हता. दवाखान्याला पाठवायचं उत्तर टाइप होऊन तयार होतं. साधन चाचणीत समाधानकारक ठरलं होतं, वापरताना डोळ्यांवर लक्ष ठेवण्यात हयगय झाली, असा त्याचा मतलब. खाली त्याच्या सहीसाठी जागा सोडलेली. म्हणजे दोष जाणार होता भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईवर. कोवळी पोर होती ती, दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली. साडेसहा तासांत सव्वीसदा जमिनीशी वाकून आरशात बघायला हवं होतं तिनं, आणि मध्येच रुग्णाचा रक्तदाब घसरला म्हणून ती तासभर दुसऱ्याच धावपळीत होती. त्यानं कागद वाचला. भाषा निर्दोष होती. एक शब्द खोटा नव्हता. त्यानं दोन दिवसांची मुदत मागितली आणि मालकीणबाईंनी ती लगेच दिली, वर चहा पाजला. कपाच्या काठावर कुणाच्या तरी ओठांचा पुसट ठसा राहिला होता. त्यानं कप फिरवून घेतला आणि प्यायला.

त्या दोन दिवसांत एक सुट्टीचा दिवस होता. त्यानं लेथवाल्या काकांना फोन करून विचारलं, येता का म्हणून. काकांनी कशाला, हे विचारलं नाही. सकाळी आठला दोघांनी मिळून कारखान्यातल्या प्रदर्शनाच्या टेबलावर उशी चढवली, बाईंना वापरली त्याच बनावटीची. स्पंज कोमट पाण्यात भिजवून पिळला. उजव्या हाताखाली काकांनी मापाचं घड्याळ लावलं, केसभर हललं तरी काटा फिरवणारं. मग त्यानं चष्मा काढला, टेबलावर पालथा झाला आणि आपल्याच नालेत तोंड घातलं. अकरा वर्षांत तो तिच्यावर फार तर दोन-पाच मिनिटं झोपला असेल, तेही माहितीपत्रकाच्या फोटोसाठी, डोळे मिटून, चेहऱ्यावर सुखाचा भाव आणून.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग चेहरा लोंबू लागला. खालच्या आरशात त्याला एक अनोळखी म्हातारा दिसत होता, गाल पुढं आलेले, डोळ्यांखालच्या पिशव्या उलट्या लटकलेल्या, नाक लाल. तो म्हातारा त्याच्याकडे भीक मागितल्यासारखा बघत होता. नाक वाहायला लागलं आणि पुसायला हात हलवायचा नाही, असं त्यानंच ठरवलं होतं. भूल दिलेला माणूस नाक पुसत नाही. लाळेची तार ओठातून सुटली, लांबत गेली, हेलकावली आणि म्हाताऱ्याच्या कपाळावर जाऊन टेकली. दुसरी त्याच्या डोळ्यावर. तोंडाला त्या स्पंजचा वास आता बाहेरून येत नव्हता, आतून येत होता. भुवईवर आधी टोचलं, मग जळलं, मग काहीच वाटेनासं झालं, आणि ते काहीच न वाटणं सगळ्यांत वाईट होतं. काका दर पंधरा मिनिटांनी काटा वाचून आकडा सांगत. अर्धा. एक. दीड. त्यांचा आवाज असा की जणू कुणाचा ताप मोजताहेत. दोन तास झाले तेव्हा तीन मिलिमीटर झाले होते, आणि त्याला आरशात दिसलं की म्हाताऱ्याच्या उजव्या डोळ्याशी काहीतरी राखाडी येऊन ठेपलंय. ती स्पंजची कड होती. ती येताना त्याला जाणवली नव्हती. जागा होता, शुद्धीवर होता, तिचीच वाट बघत पडलेला होता, तरी जाणवली नव्हती.

दोन तास चाळीस मिनिटांनी कड पापणीला लागली. त्यानं डोकं उचललं, टेबलावरून उतरून भिंतीपाशी गेला आणि सकाळचं सगळं ओकून टाकलं. काका पाणी घेऊन आले. काटा साडेचारावर थांबला होता. वेळ अजून निम्मासुद्धा झालेला नव्हता.

“मी तेव्हाच सांगितलं होतं, असं काही मी म्हणणार नाही,” काका म्हणाले.

“म्हणालात की.”

“बरं, म्हणालो.” काकांनी फडकं घेतलं आणि ते आरसा पुसायला लागले. त्यानं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. स्वतःची लाळ त्यानं स्वतः पुसली. ती थंड झाली होती आणि सहज निघत नव्हती.

त्याच दुपारी बसून त्यानं अहवाल लिहिला. जुन्या चाचणीचं, तेव्हा पडलेल्या आणि गिळलेल्या प्रश्नांचं, सगळं त्यात घातलं. एक प्रत त्यानं भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईला स्वतः नेऊन दिली. तिनं उभ्याउभ्या वाचली, पहिलं पान संपताना खाली बसली, आणि पुढची पानं एकेक करून उलटत गेली. आभार वगैरे काही मानले नाहीत. आठ दिवस ती नीट जेवली नव्हती, हे तिनं नव्हे, तिथल्या परिचारिकेनं त्याला सांगितलं, आणि ज्या सुरात सांगितलं तो त्याच्या लक्षात राहिला. दुसरी प्रत त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

“तुम्ही मला आधी विचारायला हवं होतंत,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही नको म्हणाला असता.”

“हो,” त्या म्हणाल्या. “म्हणाले असते.”

त्याला वाटलं होतं, आता गच्छंती. तीही तयारी होती. खरं तर तिचीच भूक लागली होती. पण मालकीणबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. तीन आठवड्यांत गावोगावच्या दवाखान्यांतून गुळगुळीत चकत्या परत आल्या आणि दात्यांच्या पाठवल्या गेल्या. कट्‌ कट्‌ परत सुरू झालं. बाईंचा सगळा उपचार कारखान्यानं बिनबोभाट उचलला. आणि महिन्याभरानं विक्रीसाहेबानं नवं माहितीपत्रक आणून मोठ्या कौतुकानं त्याच्यापुढं ठेवलं. पहिल्याच पानावर त्याचा तो जुना फोटो होता, डोळे मिटलेला, सुखी. खाली छापलं होतं: ‘आमचे अभियंते स्वतः झोपून खात्री करतात.’ मागणी वाढली होती. जिन्यात, कँटीनमध्ये लोक त्याला वाट सोडू लागले. विक्रीसाहेब परक्यांना त्याची ओळख करून देताना त्याच्या खांद्यावर हात टाकू लागला, आणि तो घामट हात तिथं असेपर्यंत हा श्वास रोखून धरायचा. घरी तो आता दुसऱ्या खोलीत झोपे. बायकोनं कारण विचारलं नाही. तिनं त्याच्यासाठी नवी गादी आणली आणि घालून दिली. चकतीची हकीकत तिला अखेर कळली ती त्या माहितीपत्रकावरून तिनं विचारल्यावर. तेव्हा ती एवढंच म्हणाली, की तुम्ही मला दोष कुणाचा ते विचारू दिलंत आणि गप्प बसलात, हे काही चांगलं केलं नाहीत.

बाईंचा फोन आला तो त्यानंतर. नंबर त्यांनी दवाखान्यातून मिळवला होता. त्यांनी डोळ्याचं काढलं नाही, कारखान्याचंही नाही. त्यांना ती वस्तू बघायची होती. ज्या वस्तूवर आपण साडेसहा तास तोंड टाकून पडलो होतो, ती आपण कधी पाहिलेलीच नाही, हे त्यांना अलीकडे फार वाटायला लागलं होतं. भूल दिली तेव्हा त्या उताण्या होत्या. पालथं केलं ते नंतर. त्यानं आणतो म्हणून सांगितलं. गुळगुळीत चकतीचा एक नग ठेवलेला होता, तो पिशवीत घालून तो संध्याकाळी त्यांच्या घरी गेला. दुसरा मजला, दाराशी चपलांचा एकच जोड. बाईंच्या चेहऱ्यावरच्या खपल्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी गुलाबी, नवी, मलमानं जरा जास्तच चकचकीत दिसणारी कातडी आली होती. उजवा डोळा उघडा होता आणि डाव्याबरोबरच हलत होता, त्यामुळे नेमकं कुणीकडं बघून बोलावं हे त्याला कळेना. बाईंनी टेबल मोकळं केलं. त्यानं उशी काढून त्यावर ठेवली. त्यांनी तिला बराच वेळ हात लावला नाही. मग अंगठा स्पंजवर टेकवला आणि दाबला. सोडला. स्पंज सावकाश वर आला. त्यांनी पुन्हा दाबला.

“इतकं मऊ?” त्या म्हणाल्या.

त्यांनी दुसरा हात स्वतःच्या गालावर नेला. एका हाताची बोटं नव्या कातडीवरून आणि दुसऱ्या हाताची स्पंजवरून, सारखीच हळू, खाली उतरत गेली. त्याला खिडकीबाहेर बघावंसं वाटत होतं. आता सांगावं लागेल, असं त्याला कळलं, आणि त्यानं सांगितलं. चकतीबद्दल, वाळूच्या डोक्याबद्दल, शुक्रवारच्या सहीबद्दल. सांगताना त्याला आपलाच आवाज ऐकू येत होता आणि त्यात कुठंतरी तो माहितीपत्रकातला सुखी माणूस बोलतोय असं वाटत होतं. म्हणून मध्येच थांबून, अधिक कोरड्या शब्दांत, त्यानं तेच परत एकदा सांगितलं.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं,” बाई म्हणाल्या.

“शंका आली होती.”

“आणि?”

“आणि मी ती लिहिली नाही.”

बाईंनी मान हलवली, शिकाऊ माणसानं गियर चुकवल्यावर हलवत असतील तशी. त्यांनी चकती एकदा फिरवून पाहिली. तिचा आवाज झाला नाही. मग त्यांनी उशी दोन बोटांनी कडेला सारली, स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा जग आणि एक पेला आणला आणि टेबलावर ठेवला. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. त्यांनी जगाची चोच पुढं नेली, ती पेल्याच्या अलीकडेच थांबली, आणखी पुढं नेली, काठाला टेकवली, खण्‌ असा आवाज झाला, आणि तो ऐकल्यावरच त्यांनी पाणी ओतायला सुरुवात केली. पाणी काठोकाठ आलं हे कळायला त्यांचं एक बोट पेल्याच्या आत होतं.

ते बोट बाहेर काढून त्यांनी पेला त्याच्यापुढं सरकवला. पाण्यात मलमाचा एक बारीकसा तवंग तरंगत होता. त्यानं पेला उचलला, आणि न थांबता, तळापर्यंत प्यायला.